बाग-मैदानांचा निधी: कुठून येतो, कोण ठरवतो आणि आपण कुठे शिरायचे?

मलबार हिलवर 2025 च्या मार्चअखेर झाडांमधून जाणारी 485 मीटरची उन्नत पायवाट सुरू झाली. मुंबई महापालिकेने ती बांधली. तिकीट 25 रुपये. खालच्या गिरगावातली, तिकडे परळ-नायगावमधली मुलेमुली जाऊन आली, फोटो काढले, आनंद घेतला. चांगलीच गोष्ट आहे. सार्वजनिक पैशातून लोकांना झाडांखाली चालता येत असेल तर त्याला नाके मुरडायचे कारण नाही.

पण प्रश्न वेगळा आहे. ज्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथल्या मुलीला रोज संध्याकाळी तासभर बसायला, चालायला, अभ्यास करायला मोकळी जागा हवी असते. वर्षातून एकदा तिकीट काढून जायची नव्हे, रोजची आणि फुकट. अशा जागेसाठी सरकारकडे पैसे नसतात का? असतात. एका नव्हे, चार-पाच वेगवेगळ्या खात्यांत असतात. तरीही आपल्या वस्तीतल्या बागेला कुलूप, मैदानात डेब्रिज आणि प्रवेशद्वारावर मात्र नवी कोरी कमान, असे चित्र का दिसते?

याचे उत्तर निधीच्या रकमेपेक्षा निधीच्या रस्त्यात आहे. हा रस्ता कागदांचा आहे. जो पहिला कागद लिहितो, तोच जागेवर काय उभे राहील हे ठरवतो. आपले कार्यकर्ते बहुतेक वेळा शेवटच्या कागदाला, म्हणजे उद्घाटनाच्या पत्रिकेला पोहोचतात. म्हणून हा रस्ता नीट समजून घेऊ.

जागा कमी का पडली?

महापालिकेने विकास आराखड्यासाठी केलेल्या पाहणीत मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास निघाली होती. एक सतरंजी अंथरता येईल एवढी. केंद्र सरकारची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वे माणशी 10 ते 12 चौरस मीटर सांगतात.

ही टंचाई सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. याच ट्रस्टने दादर-माटुंगा भागात रुंद रस्ते, झाडे आणि बागा असलेल्या वसाहती आखल्या. माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आणि याच ट्रस्टने परळ, भायखळा, माझगाव भागांत कामगारांसाठी एक-एक खोलीच्या बीआयटी चाळी बांधल्या. बाबासाहेबांनी आयुष्याची वीसेक वर्षे परळच्या अशाच बीआयटी चाळीत काढली आणि पुढे ते दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृहा'त राहायला गेले. दोन्ही पत्ते एकाच ट्रस्टच्या कामातून तयार झालेले. पण एका नकाशात बाग होती, दुसऱ्यात व्हरांडा आणि सार्वजनिक नळ. बाग कुणाला लागते आणि कुणाला लागत नाही, हे ठरवणारे मन तेव्हापासूनचे आहे.

दुसरी मोठी संधी गिरण्यांच्या जमिनीने दिली होती. 1982 च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 नुसार गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. गिरणगावातली गिरण्यांची जमीन सुमारे 600 एकर होती. म्हणजे लालबाग-परळच्या कामगारांच्या मुलांना खरोखर मोठी मैदाने मिळू शकली असती. 2001 मध्ये नियम बदलला. वाटे पूर्ण जमिनीचे न होता गिरणीच्या आवारातल्या रिकाम्या जमिनीपुरते उरले. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. आज तिथे मॉल आणि टॉवर आहेत. एका ओळीची दुरुस्ती, आणि शेकडो कोटींच्या निधीनेही परत मिळणार नाही एवढी जमीन गेली.

याच गिरण्यांपैकी दादरची इंदू मिल आपण मिळवली. डिसेंबर 2011 मध्ये कार्यकर्ते आत शिरले, लढा उभा राहिला आणि सुमारे 12 एकर जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळाली. समाज एकवटला की जमीन आणि निधी दोन्ही मिळतात, याचा हा पुरावा आहे. पण स्मारकासाठी जेवढे आपण एकवटतो, तेवढे रोजच्या मैदानासाठी एकवटत नाही, हेही मान्य करायला हवे.

पैशाच्या पाच वाटा

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कामांची यादी आहे. त्यात बागा, उद्याने, क्रीडांगणे या सुविधा स्पष्टपणे लिहिलेल्या आहेत. ती मेहरबानी नाही, संस्थेचे काम आहे. हे काम पुढील पाच वाटांनी येणाऱ्या पैशातून होते.

पहिली वाट महापालिकेचे अंदाजपत्रक. उद्यान खात्याचे स्वतंत्र बजेट असते. भायखळ्याच्या राणीच्या बागेत उद्यान अधीक्षकांचे कार्यालय आहे आणि प्रत्येक विभाग कार्यालयात उद्यान खात्याचे अधिकारी बसतात. परळ-लालबाग एफ दक्षिण विभागात, दादर पश्चिम जी उत्तरमध्ये, वरळी-प्रभादेवी जी दक्षिणमध्ये आणि गिरगाव डी विभागात येते. पाचपैकी नियमित देखभालीचा पैसा, म्हणजे माळी, पाणी, सुरक्षारक्षक, दिवे यांचा खर्च, मुख्यतः याच वाटेने येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे. नगरसेवकांना मिळणारा निधीही याच अंदाजपत्रकातला. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात निधीसाठी आमदार-खासदारांनी पालकमंत्र्यांमार्फत मागणी करायची पद्धत आली. सत्ताधारी बाजूच्या आमदारांना निधी मिळतो, विरोधकांना मिळत नाही, अशा बातम्या वर्तमानपत्रांत छापून आल्या. वस्तीच्या माणसाने विचारायला जावे असा दरवाजाच त्या काळात नव्हता.

दुसरी वाट आमदार निधी. याचे सरकारी नाव आमदार स्थानिक विकास कार्यक्रम. 2022 पासून प्रत्येक आमदाराला वर्षाला 5 कोटी रुपये. आमदार काम सुचवतो, जिल्हाधिकारी मंजुरी देतात आणि काम एखादी सरकारी यंत्रणा करते.

तिसरी वाट खासदार निधी. ही योजना 1993 पासून आहे आणि तीतही वर्षाला 5 कोटी मिळतात. इथे आपल्यासाठी महत्त्वाची तरतूद आहे: दरवर्षीच्या निधीतील 15 टक्के रक्कम अनुसूचित जातींची वस्ती असलेल्या भागांसाठी आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या भागांसाठी सुचवणे अपेक्षित आहे. 5 कोटींचे 15 टक्के म्हणजे वर्षाला 75 लाख. पाच वर्षांत पावणेचार कोटी. तुमच्या खासदारांचे हे 75 लाख गेल्या वर्षी कुठे खर्च झाले, हा प्रश्न तुमच्या मंडळाच्या बैठकीत कधी निघाला आहे का?

चौथी वाट जिल्हा नियोजन समिती, लोकांच्या तोंडी 'डीपीडीसी'. मुंबई शहर जिल्ह्याची समिती वेगळी, उपनगरची वेगळी. कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंतचा भाग शहर जिल्ह्यात येतो. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचे तीन भाग असतात: सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना. बाग, मैदान, चौपाटी, पर्यटन यांची मोठी कामे बहुधा सर्वसाधारण भागातून होतात.

पाचवी वाट अनुसूचित जाती उपयोजना. 1979-80 च्या सुमारास देशात 'विशेष घटक योजना' म्हणून ही कल्पना आली: लोकसंख्येत अनुसूचित जातींचे जेवढे प्रमाण, तेवढा योजनेतला पैसा त्यांच्यासाठी वेगळा काढायचा. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण 11.8 टक्के आहे. या पैशातून शहरांमध्ये अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या सुधारणेची योजना चालते. जुने कार्यकर्ते तिला अजून 'दलित वस्ती सुधार' म्हणूनच ओळखतात. रस्ते, गटारे, पाणी, दिवाबत्ती, शौचालये, समाजमंदिर अशी वस्तीतली कामे तीत घेतली जातात.

या पाचव्या वाटेवर सर्वात जास्त लक्ष हवे, कारण ती सर्वात सहज वळवली जाते. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचा सुमारे 410 कोटींचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. मोठ्या पातळीवर जे घडते ते वस्तीच्या पातळीवरही घडते. नाव वस्तीचे, रस्ता मात्र शेजारच्या टॉवरच्या गेटपर्यंत. अनुसूचित जातींचा निधी त्याच वर्षी, त्यांच्यासाठीच खर्च व्हावा यासाठी आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने 2013 मध्ये कायदे केले. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा ही आंबेडकरी संघटनांची जुनी मागणी आहे आणि ती सोडता कामा नये.

याशिवाय कंपन्यांचा सीएसआर निधी असतो. परळ-लोअर परळमध्ये कंपन्यांची कार्यालये भरपूर आहेत. पण हा पैसा हक्काचा नव्हे, कंपनीच्या मर्जीचा. तो शेवटचा पर्याय समजावा.

निधी मंजूर होतो, मग अडतो कुठे?

पहिला अडथळा जमिनीचा. बाग कुणाच्या जमिनीवर आहे? आपल्या भागात जमिनीचे मालक अनेक आहेत. बीआयटी चाळी 1933 मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाल्यापासून महापालिकेच्या. बीडीडी चाळी राज्य सरकारच्या, त्यांची देखभाल वर्षानुवर्षे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. शिवडीच्या बाजूला बंदर प्राधिकरणाची जमीन, रुळांलगत रेल्वेची, आणि काही ठिकाणी बंद गिरण्यांची. मालकाचा 'ना हरकत दाखला' मिळाल्याशिवाय कुठलाही निधी खर्च होत नाही. 'साहेबांनी निधी दिला पण अधिकाऱ्यांनी अडवला' असे आपण ऐकतो, त्यातली निम्मी प्रकरणे या एका कागदाची असतात.

दुसरा अडथळा देखभालीचा. आमदार, खासदार आणि जिल्हा नियोजनाचा पैसा मुख्यतः टिकाऊ वस्तू उभारण्यासाठी असतो: भिंत, शेड, फरशी, खेळणी, व्यायामाची साधने, दिव्यांचे खांब. माळ्याचा पगार त्यातून निघत नाही. त्यामुळे काम झाल्यावर ती जागा महापालिकेच्या उद्यान खात्याने रीतसर ताब्यात घेतली नाही, तर दोन पावसाळ्यांत झोके तुटतात, झाडे सुकतात आणि कुलूप लागते. मग तीन वर्षांनी त्याच जागेच्या 'सुशोभीकरणा'चा नवा प्रस्ताव येतो. पहिली फरशी उखडून दुसरी बसते. कंत्राटदार तोच किंवा त्याचा भाऊबंद. 'सुशोभीकरण' हा शब्द प्रस्तावात दिसला की कान टवकारायला हवेत. माती, सावली, पाणी आणि शौचालय हे चार शब्द त्यात आहेत का ते पाहा.

तिसरा अडथळा आपला स्वतःचा आहे. निधी आला की पहिली चर्चा नावाची, कमानीची आणि फलकाची होते. कुणाचे नाव मोठे, कुणाचा फोटो आधी, यावर गट पडतात. महापुरुषांचे नाव द्यावेच. दादर चौपाटीला चैत्यभूमीजवळ पर्जन्यजलवाहिनीच्या पातमुखावर महापालिकेने प्रेक्षागॅलरी बांधली, तिला माता रमाई आंबेडकरांचे नाव दिले, याचा सगळ्यांना आनंद आहे. पण ज्या बागेला रमाईचे नाव आहे तिथे बाईमाणसाला जायला शौचालय नसेल, तर नावाचा मान राहिला असे कसे म्हणायचे?

दत्तक जाणारी मैदाने

निधी नाही हे कारण सांगून एक वेगळीच वाट काढली जाते. मैदान किंवा बाग खासगी संस्थेला सांभाळायला द्यायची. मुंबईत हे धोरण अनेक वर्षांपासून वेगवेगळ्या नावांनी येते आहे. काही ठिकाणी सांभाळायला दिलेल्या जागांवर क्लब आणि जिमखाने उभे राहिले, आणि आजूबाजूच्या मुलांना आत यायला सदस्यत्व लागू लागले. जानेवारी 2016 मध्ये महापालिकेच्या सभागृहाने असे धोरण मंजूर केले. नागरिकांनी जोरदार विरोध केला आणि मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. 2023 मध्ये पुन्हा मसुदा आला, पुन्हा विरोध झाला.

या विरोधात उच्चभ्रू वस्त्यांतले नागरिक गट पुढे होते. आपल्या संघटनांचा आवाज कमी होता. खरे तर मैदान गेल्याचा फटका आपल्यालाच जास्त बसतो. ज्याच्या सोसायटीत पोडियमवर बाग आहे त्याला महापालिकेचे मैदान नसले तरी चालते. ज्याची खोली दहा बाय दहाची आहे, त्याचे बारसे, लग्नाची हळद, 14 एप्रिलची जयंती आणि मयताला जमलेली माणसे हे सगळे मैदानातच होते.

आपली चळवळही मैदानांतच वाढली आहे. 1936 साली धर्मांतराची दिशा सांगणारी मुंबई इलाखा महार परिषद नायगावला भरली. 7 नोव्हेंबर 1938 च्या कामगारांच्या संपात बाबासाहेब स्वतः परळच्या गिरणगावात फिरले आणि कामगार मैदानात सभा झाली. 6 डिसेंबरला लाखो माणसांना विसावा देते ते शिवाजी पार्कचे मैदान. उद्या ही मैदाने 'व्यवस्थापना'साठी कुणाच्या ताब्यात गेली तर परवानगी कुणाकडे मागायची?

पुनर्विकासाचाही विचार इथेच करायला हवा. बीडीडी चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगले घर मिळणे हा हक्क आहे. पण चाळींच्या मधले अंगण, जयंतीचा मंडप उभा राहायची जागा, विहारासमोरची मोकळी जागा नव्या नकाशात कुठे आहे, हे चाळ पाडण्याआधीच विचारायचे असते. टॉवरच्या आतली बाग ही त्या सोसायटीची. सार्वजनिक मैदान हे सगळ्यांचे. नकाशावर दोन्ही हिरव्याच रंगात दिसतात.

विहार आणि सार्वजनिक निधी

एक गैरसमज दूर करू. 'विहारासाठी खासदार निधी द्या' असे निवेदन अनेक ठिकाणी दिले जाते आणि ते फेटाळले जाते. मग आपल्यावर अन्याय झाला असे वाटते. खासदार निधीच्या नियमांनुसार कुठल्याही धर्माच्या प्रार्थनास्थळात किंवा धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जमिनीवर काम करता येत नाही. तो नियम सगळ्यांना लागू आहे. पण विहाराशेजारच्या सार्वजनिक जमिनीवर सर्वांना खुली असलेली अभ्यासिका, बाग, शौचालय, पिण्याच्या पाण्याची सोय मागता येते. तेव्हा निवेदनात 'विहाराची बाग' लिहू नका. 'अमुक सी.एस. क्रमांकाच्या सार्वजनिक भूखंडावरील, सर्व नागरिकांसाठी खुले उद्यान' असे लिहा. आणि ते खरोखर सर्वांसाठी खुले ठेवा.

हे आपल्या परंपरेला धरूनच आहे. भिक्षुसंघाच्या निवासाला 'आराम' म्हणत, त्या शब्दाचा अर्थच बाग. बिंबिसाराने दिलेले वेळुवन, अनाथपिंडिकाने दिलेले जेतवन ही सारी उपवने. संयुत्त निकायातल्या वनरोप सुत्तात बागा लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया घालणारे यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे सांगितले आहे. सम्राट अशोकाने रस्त्यांवर झाडे लावली, विहिरी खोदल्या, त्याही माणसांसाठी आणि जनावरांसाठी, आणि हे शिलालेखांत कोरून ठेवले. बाग मागणे हे काही श्रीमंतांचे चोचले नाहीत.

आता करायचे काय?

एक. जागेची कुंडली काढा. भूखंडाचा सी.एस. क्रमांक शोधा, मिळकत पत्रिका काढा आणि महापालिकेच्या विकास नियोजन खात्याचा अभिप्राय, म्हणजे 'डीपी रिमार्क', घ्या. मंजूर विकास आराखडा 2034 मध्ये ती जागा उद्यान, क्रीडांगण की आणखी कशासाठी आरक्षित आहे ते त्यात कळते. हे तीन कागद हातात असले की अर्धी लढाई झाली.

दोन. वस्तीची गरज वस्तीलाच विचारा. रविवारी विहारातल्या वंदनेनंतर तासभर बसा. बायका, मुली, म्हातारी माणसे, रात्रपाळीचे कामगार यांना वेगवेगळे विचारा. तरुण मुलांना विचारले तर जिम मागतील. बायकांना विचारले तर दिवे, शौचालय आणि बसायला बाक मागतील. मुलींना विचारले तर दुपारी कुलूप का असते हे विचारतील. सगळे लिहून काढा, त्यांच्या सह्या घ्या.

तीन. निवेदन नव्हे, प्रस्ताव द्या. त्यात जागेचा क्रमांक, मालक, लाभ घेणारी लोकसंख्या, कामांची यादी, कोणत्या योजनेतून मागणी आहे ते, आणि सर्वात शेवटी देखभाल कोण करणार हे लिहा. उद्यान खात्याचे 'काम झाल्यावर ताब्यात घेऊ' असे पत्र जोडता आले तर उत्तम. प्रत आमदार, खासदार, जिल्हाधिकारी आणि विभागाचे सहायक आयुक्त अशा चौघांनाही द्या आणि पोच घ्या.

चार. वेळ साधा. सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च. महापालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडले जाते, म्हणजे विभागाच्या मागण्या त्याआधी काही महिने तयार होतात. दिवाळीच्या आसपास प्रस्ताव गेला पाहिजे. 14 एप्रिलच्या तोंडावर दिलेले निवेदन त्या वर्षासाठी उशिराचे असते. मार्चमध्ये मात्र डोळे उघडे ठेवा. निधी संपवायची घाई तेव्हाच होते आणि गरज नसलेली कामे तेव्हाच निघतात.

पाच. माहितीचा अधिकार वापरा. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवायचा असतो. 'सर्व माहिती द्या' असे लिहू नका. नेमके मागा: अमुक उद्यानासाठी मागील तीन वर्षांत मिळालेल्या प्रशासकीय मान्यतेची प्रत, अंदाजपत्रकाची प्रत, कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि दोषदायित्व कालावधी किती. शेवटचा मुद्दा फार कामाचा आहे. त्या कालावधीत झोका तुटला तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते. त्यासाठी नवा निधी लागत नाही.

सहा. खासदार निधीचे 15 टक्के आणि अनुसूचित जाती उपयोजना यांचा दरवर्षी हिशेब मांडा. खासदार निधीच्या कामांची माहिती योजनेच्या संकेतस्थळावर असते. आपल्या मतदारसंघाची यादी उतरवून घ्या, त्यातली अनुसूचित जातींच्या भागातली कामे वेगळी करा आणि प्रत्यक्ष जाऊन पाहा. ती जागा खरोखर आपल्या वस्तीत आहे का? काम झाले आहे का? ही यादी विहाराच्या फळ्यावर लावा. निवडणुकीच्या वेळी याहून चांगला जाहीरनामा नाही.

सात. जागा राखणारी समिती करा. त्यात निम्म्या बायका असाव्यात. पदाधिकाऱ्यांची नावे फलकावर नकोत. दर महिन्याला एकदा उद्यान खात्याच्या अधिकाऱ्याला भेटणे आणि तक्रार क्रमांकासह नोंदवणे, एवढेच काम. शेजारच्या वस्तीतले इतर समाजाचे लोकही घ्या. मैदान फक्त आपले म्हटले की ते वादात अडकते. सगळ्यांचे म्हटले की ते वाचवणे सोपे होते.

यातले कुठलेच काम अवघड नाही. पण एकदाही टाळ्या न मिळणारे आहे. मिरवणुकीचा डीजे ठरवायला चाळीस पोरे जमतात, डीपी रिमार्क काढायला एक जण जातो. ते प्रमाण थोडे बदलले तरी पुष्कळ होईल.

गिरण्यांच्या जमिनीच्या वेळी नियमातली एक ओळ बदलली गेली आणि आपल्याला ती कळेपर्यंत टॉवरचे पाये खणले गेले होते. आता पुनर्विकासाचे नकाशे मंजूर होत आहेत, मैदानांचे नवे धोरण पुन्हा येईल, आणि दर वर्षी पाच वाटांनी निधी येत राहील. या वेळी ती ओळ आधी वाचायची आहे. या आठवड्यात आपल्या वस्तीतल्या एका बागेचा किंवा मैदानाचा सी.एस. क्रमांक शोधून काढा. पुढचा कागद त्यावरूनच सुरू होतो.

जय भीम!